प्रकरण चौदावे : गाडीची उजवी बाजू

बाबा जेवण झाल्या झाल्या गाडीत जाऊन बसले आणि उठायचं नाव घेईनात.

अंगात लाल कोट, डोक्यावर लाल टोपी, पायात मात्र घरातल्याच चपला. दाढी पांढरी आणि स्वतःची. ती ते ऑगस्टपासून वाढवत आले होते, आणि ऑगस्टपासूनच तिच्यात सूप सांडत आले होते.

"बाबा, गाडीला अजून दिवे लागायचेत. तुम्ही संध्याकाळी बसा."

"बसलोय की."

"म्हणजे आत्ता उठा."

बाबांनी कानातलं यंत्र काढलं, फुंकर मारली आणि खिशात टाकलं. त्याची बॅटरी वाचवावी म्हणून हल्ली ते फक्त आपल्याला पटणारं बोलणं ऐकत.

टपालने हात टेकले.

टपाल म्हणजे या घरातली मधली. दोन भावांच्या मधली एकुलती बहीण. पोस्टात ती कधी नोकरीला नव्हती, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. पण टेबलाचं प्रकरण झाल्यापासून थोरला आणि धाकटा एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते आणि दोघांचे निरोप हिच्यामार्फत जात. नाव आधी वहिनीने ठेवलं. मग ते इतकं चिकटलं, की एकदा बँकेतल्या बाईने नाव विचारल्यावर ती स्वतःच "टप..." म्हणून थांबली होती.

टेबलाचं एवढंच. थोरला सुतार, धाकटा वायरमन. थोरल्याने घरासाठी केलेल्या जेवणाच्या टेबलाला, पॉलिश पुरतं वाळायच्या आत, धाकट्याने मधोमध भोक पाडलं. का, तर दिव्याची वायर खालून काढायला. वर लोंबत राहिली असती तर दिसायला वाईट दिसली असती. थोरल्याच्या लेखी चांगल्या लाकडाला भोक पाडणं म्हणजे झोपलेल्या माणसाला मारणं. धाकट्याच्या लेखी भोक पाडल्याशिवाय कुठल्याच घरात उजेड येत नाही. दोघंही आपापल्या धंद्यापुरते बरोबर होते. म्हणून तर मिटेना.

आणि पुढच्या शुक्रवारी टपालचं लग्न होतं.

पन्नाशीला टेकलेली असताना, एका दातांच्या डॉक्टरशी, आगगाडीने अर्धा दिवस लागेल अशा गावात. भावांना तिने अजून सांगितलं नव्हतं. एकाला आधी सांगितलं तर दुसरा रुसणार, आणि दोघांना एकदम सांगायचं तर दोघं एका खोलीत कुठे सापडतात! पण खरी धास्ती वेगळीच होती. बाबा थोरल्याकडे राहत. धाकटा मागच्या गल्लीत. उद्या बाबा न्हाणीघरात घसरून पडले, तर थोरला धाकट्याला फोन करेल? की फोन हातात धरून, टपाल इथे नाही हे आठवून, तसाच उभा राहील?

तेव्हा जाण्याआधी या दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघून एक वाक्य बोलायला हवं होतं. एक. शिवी असली तरी चालेल. तेवढ्यासाठी तिने हा दिव्यांचा घाट जमवून आणला होता.

*

गाडी म्हणजे नाताळची घसरगाडी, नाताळबाबा बर्फावरून फिरतो तसली. गाड्या बांधणाऱ्या पणजोबांनी केलेली. आयुष्यात ती एकदाही घसरली नव्हती, कारण पुढे वळलेल्या लाकडी पट्ट्यांच्या आड पणजोबांनी चार चाकं लपवली होती. दोन्ही अंगांना एकेक पांढरा हंस रंगवलेला, मान लांब, नजर जरा तिरकी. नाताळच्या आदल्या संध्याकाळी गाडी पणजोबांच्या जुन्या कारखान्याच्या दारातून निघे, रस्त्याच्या टोकापर्यंत जाई आणि परत येई. आत बाबा, दोन्ही हातांनी गोळ्या उधळत. गाडी ओढायला पुढे दांडीशी दोन रेनडिअर, म्हणजे डोक्याला वहिनीने शिवलेली कापडी शिंगं बांधलेले थोरला आणि धाकटा. रेनडिअर एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे रस्त्यावर आजवर कुणाला काही खटकलं नव्हतं.

दिव्यांचं खूळ निघालं ते मागच्या वर्षी. नव्या मोठ्या दुकानाने प्लास्टिकची गाडी आणली होती, लखलखती, आत गाणं वाजणारी. तिच्या शेजारून आपली गाडी अंधारात खडखडत चालली असताना एका चिमुरडीने बाबांना विचारलं, "आजोबा, तुमची गाडी बंद पडलीय का? माझ्या बाबांना धक्का मारायला बोलावू?"

हे मात्र बाबांना यंत्राशिवाय ऐकू आलं.

"पुढच्या वर्षी दिवे," ते घरी येऊन म्हणाले. "डोळे दिपतील असे."

*

मग महिनाभर चाललेला पत्रव्यवहार. टपालचा धंदा यात नीट कळेल.

निघताना, थोरल्याकडून : "त्या गाढवाला सांग, गाडीच्या जवळ ड्रिल घेऊन आलास तर तेच ड्रिल तुझ्या टाळक्यात घालीन."

पोहोचताना, धाकट्याकडे : "दादा म्हणतोय, ड्रिल टाळता आलं तर बघ जरा."

निघताना, धाकट्याकडून : "मग काय थुंकी लावून चिकटवू? लाकूड कुरतडत बस म्हणावं, विजेत नाक खुपसू नकोस."

पोहोचताना, थोरल्याकडे : "तो म्हणतोय, तुला काही सुचत असेल तर त्याला ऐकायचंय."

निघताना, थोरल्याकडून : "सुचतंय. एक बाजू मी करतो, माझ्या पद्धतीने. दुसरी त्याने करावी, त्याच्या कळकट पद्धतीने. अक्कल कुणाला आहे ते रस्त्यावर लोकच बघतील. उजवी माझी."

पोहोचताना, धाकट्याकडे : "दादा म्हणतोय, अर्धं अर्धं वाटून घेऊ. छान होईल. उजवी बाजू त्याची, डावी तुझी."

निघताना, धाकट्याकडून : "चालेल. डावी तर डावी."

पोहोचताना, थोरल्याकडे : "चालेल म्हणाला. डावी तर डावी."

एवढा एकच निरोप तिने काटछाट न करता पोहोचवला, आणि नेमका त्यानेच घात केला.

*

थोरला सकाळी मापं घेऊन गेला. धाकटा संध्याकाळी, थोरला नाही असं बघून, मापं घेऊन गेला. मग दोघांनी आपापल्या जागी काम केलं, दारं लावून, परीक्षेत कॉपी होऊ नये तसं.

आणि आज, सूर्य समोरच्या बेकरीच्या धुराड्यामागे उतरत असताना, दोघं कारखान्यात आले.

थोरला आधी. त्याच्या हातात जुन्या घोंगडीत बाळासारखं गुंडाळलेलं काहीतरी. घोंगडी उलगडली तर आत बोटभर जाडीची लाकडी पट्टी, वाफेवर वाकवून गाडीच्या काठाच्या वळणाबरहुकूम केलेली, तिच्या पोटात सरळ खाच, खाचेत एलईडीची माळ. दिवा दिसायचा नाही, फक्त उजेड दिसायचा, पिवळसर. पट्टी काठाला धरून ठेवायला चार पितळी आकडे. भोक एकही नाही. तो न बोलता गाडीच्या खिडकीकडच्या अंगाला जाऊन उभा राहिला.

मागोमाग धाकटा. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात अॅल्युमिनियमची लांब पन्हळ, तीही काठाच्या वळणासारखी वाकवलेली, तिच्यात त्याची माळ. सोळा रंग, रिमोटवर. रिमोट त्याने आल्या आल्या बाबांच्या हातात दिला. बाबांशी सूत जमवायची त्याची पद्धत ठरलेली, काहीतरी बटणांचं द्यायचं. मग तोही खिडकीकडच्या अंगाला जाऊन उभा राहिला.

दोघांच्या डोक्यावर शिंगं आधीच बांधलेली. वहिनी उशीर खपवून घेत नसे.

"त्याला सांग, जरा सरक म्हणावं," धाकटा टपालला म्हणाला.

"त्याला विचार, इथे काय काम आहे त्याचं," थोरला टपालला म्हणाला.

"अरे, आपापल्या बाजूला जा ना दोघं!"

"मी माझ्याच बाजूला आहे," दोघं एकदम म्हणाले.

वहिनी बाबांच्या कोटाचं बटण शिवत होती. थोरल्याची बायको ती, धंद्याने शिवणकाम करणारी. सुई हवेत थांबली.

"ही उजवी आहे म्हणावं," थोरला.

"ही डावी आहे म्हणावं," धाकटा.

"डावी कुठल्या अंगाने? आत बसलं की उजवा हात कुठे येतो? इथे! बसून बघ म्हणावं!"

"बसून?" धाकट्याची मान गर्रकन वळली, आणि त्याच्याबरोबर शिंगंही. आणि तो टपालकडे न बघता बोलला. "बसून बघायला मला बसवत कोण होतं? लहानपणी बाबांच्या शेजारी तू बसायचास, गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन! मी कंदील धरून गाडीच्या पुढे उलटा चालायचो! बाबांच्या तोंडावर उजेड पडायला हवा ना! मला ही गाडी जन्मभर समोरून दिसलीय. समोरून ही डावी आहे!"

"मग तसं सांगायचंस!"

"कुणाला? तुला? तू बोलतोस?"

"तू बोलतोस?"

टपालच्या लक्षात आलं. बोलत होते. समोरासमोर. वहिनीनेही ओळखलं. तिने टपालकडे पाहून भुवई उडवली आणि सुई तशीच धरून ठेवली, जणू दोरा ओढला तर सगळं उसवेल.

"गाडीची उजवी म्हणजे गाडीची उजवी! गाडीला तोंड कुठे आहे ते बघायचं!"

"आणि फोटोत उजवीकडून दुसरा म्हणतात तेव्हा? फोटोला काय आत बसून विचारतोस?"

"फोटोचा काय संबंध!"

"भाऊजींचं बरोबर आहे," वहिनी म्हणाली.

"तू त्याच्या बाजूने बोलू नकोस."

"कुठल्या बाजूने? आधी बाजू कुठली ते तरी ठरवा."

बाबा रिमोटची बटणं एकामागून एक दाबत होते. वायर जोडलेलीच नव्हती, त्यामुळे काही होत नव्हतं, पण त्यांचा चेहरा मोठं काम चालू असल्यासारखा.

"थांब," थोरला अचानक म्हणाला. "थांब थांब. निरोप कुणी दिला?"

धाकटाही थांबला.

चार डोळे आणि चार शिंगं हळूच टपालकडे वळली.

"तू काय सांगितलं होतंस?"

"जे तू सांगितलंस तेच!"

"मी उजवी म्हणालो. कुठून उजवी, ते तू विचारायला नको?"

"नाही तर काय!" धाकटा म्हणाला. "एरवी सगळ्या निरोपांत स्वतःचं घालतेस, ताई. ह्यात तेवढं घातलं नाहीस."

"म्हणजे? तुलाही वेगळेच निरोप यायचे?"

"मला तुझ्या दिवाळखोरीच्या, म्हणजे तुझा तो लाकडाचा सौदा फसला त्या वेळी, तू माझे आभार मानल्याचा निरोप आला होता."

"मी? आभार? मी म्हणालो होतो, त्याला म्हणावं आता तरी दात काढ!"

"वाटलंच मला."

दोघांनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या. इतक्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि ते असं, की सगळा घोळ टपालने घातलाय.

आता टपालला असं वाटायला हवं होतं की झालं, जमलं, फत्ते. महिनाभर हेच तर हवं होतं. पण माणसाचं पित्त काही त्याच्या बेताने खवळत नाही.

"घोळ?" ती म्हणाली. "मी घातला? तुमच्या शिव्या गाळून गाळून माझ्या घशाला चाळणी झाली! तुझं 'गाढव' इथून निघायचं, तिथे मी 'बाळा' म्हणून पोचवायचं! तू 'मरू दे' म्हणालास की मी 'काळजी घे' सांगायची! तुमच्या भांडणात एवढे गोड निरोप लिहिलेत मी, तेवढे मला स्वतःला आयुष्यात कुणी लिहिले नाहीत! म्हणजे आत्ता आत्तापर्यंत नाहीत! आणि आता बंद! टपाल बंद! शुक्रवारी लग्न करून जातेय मी, घ्या!"



हे असं सांगायचं नव्हतं. तिने वाक्यं तयार केली होती, दोघांसाठी वेगवेगळी, पुष्कळ दिवसांपासून. त्यातलं एकही हे नव्हतं.

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"नाही. तुला?"

"नाही."

"कोण आहे?"

"मला काय विचारतोस? मला माहीत नाही म्हणालो ना आत्ता."

"दातांचा डॉक्टर," बाबा गाडीतून म्हणाले. यंत्र कधी कानात गेलं होतं कोण जाणे. "इथे दवाखाना होता तेव्हा माझी कवळी त्यानेच बसवली. सज्जन आहे. हिला मागणीही माझ्याकडे तिथेच घातली. माझं तोंड उघडं, आत त्याचे दोन्ही हात. मी 'आ' म्हणालो. त्याने ते 'हां' धरलं."

"बाबा! तुम्ही बोलला नाहीत ते!" टपाल.

"बोलायला तोंड मिटावं लागतं. तेव्हा ओला साचा होता आत. मग विसरलो."

"आणि तू?" थोरल्याने बायकोकडे मोर्चा वळवला. "तू गप्प का?"

"महिनाभर घरात निळा कोट शिवतेय," वहिनी म्हणाली. "कुणाचा ते विचारलंत एकदा तरी?"

थोरला खाली स्टुलावर बसला. शिंगं जरा कलली.

"म्हणजे सगळ्या जगाला माहीत. फक्त आम्हालाच नाही."

टपालच्या कानात तो शब्द अडकला. आम्हाला. टेबल झाल्यापासून थोरल्याच्या तोंडी 'मी' असायचा आणि 'तो' असायचा. धाकट्याच्याही कानात गेला असावा. तो नुसताच शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आम्हा दोघांनाच नाही."

आणि दोघांनी टपालकडे पाठ फिरवली.

*

बाहेर पोरं जमायला लागली होती. दाराच्या फटीतून डोळे, नाकं, कुणाची तरी लोकरी टोपी.

"तिला सांग," थोरला धाकट्याला म्हणाला, "कंदील धर म्हणावं. अंधार पडला."

"तो म्हणतोय, कंदील धर," धाकटा टपालला म्हणाला, तिच्याकडे न बघता.

"ऐकू आलं मला. मी इथेच उभी आहे."

"ती म्हणतेय, ती इथेच उभी आहे."

"मग धर म्हणावं."

तिने कंदील धरला. हसू आवरायला तिला गाल आतून चावावा लागला.

आता प्रश्न असा, की एका बाजूसाठी दोन पट्ट्या आणि दुसरी बाजू बोडकी. धाकट्याची पन्हळ पलीकडच्या बाजूला लावून पाहिली. वळण जुळलं, पण दिव्यांचं तोंड आत आलं. थोरल्याची पट्टी लावून पाहिली. तेच. एका अंगासाठी बनवलेली वस्तू दुसऱ्या अंगाला न्यायची तर ती आतूनच बसते, बाहेरून नाही. हातमोज्यासारखं.

"उलटी केली तर?"

"उलटी केली तर वळण उलटं होतं. पुढचं मागे."

"मग कापून?"

"काप की. ते पण सोसेन आज."

"मी नुसतं विचारतोय, दादा."

दादा. टपालच्या हातातला कंदील हलला. "नीट धर म्हणावं," थोरला म्हणाला, पण त्याचा आवाज भलताच मऊ होता.

तो आपली पट्टी घोंगडीत परत गुंडाळायला लागला. "तुझी लाव बाहेरून, तुझे सोळा रंग. एका बाजूने जाऊ दे गाडी. ही मी घरी नेतो."

"थांब जरा. जोडून तरी बघू दे, लागते का."

"लागते. घरी लावून बघितलीय."

"इथे बघितलीस का?"

धाकट्याने पट्टी त्याच्या हातातून काढून घेतली, पलीकडच्या काठाला आतून टेकवली, आकडे अडकवले आणि बाबांच्या पायाशी ठेवलेल्या बॅटरीला दोन टोकं लावली. चुकीची लावली. अदलाबदल केली.

उजेड बाबांच्या पोटावर पडला, तिथून दाढीत शिरला, दाढीतून वर चढला. बाबांच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या एकेक करून जाग्या झाल्या. टोपीच्या गोंड्याला उजेडाची कडा आली. बाबांनी हातातला रिमोट खाली ठेवला आणि आपल्याच हातांकडे पाहत राहिले, पालथे, मग उताणे.



धाकटा दोन पावलं मागे गेला. आणखी दोन. गाडीच्या पुढे, अगदी बरोबर मधोमध, पाठ दाराकडे, चेहरा बाबांकडे. मग तिथेच थांबला.

"राहू दे ही," तो म्हणाला. "आतच राहू दे."

थोरल्याने घोंगडीची घडी घातली. ती घालायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

"बाहेरच्या तुझ्या पट्टीला वायर कशी नेणार? बॅटरी आत आहे."

"काठावरून. वरून."

"वरून नेलीस तर हंसाच्या मानेवरून येते. फास लावल्यासारखी दिसेल."

"मग दुसरं काय... " धाकटा थांबला. दुसरं काय ते दोघांना माहीत होतं. तो शब्द त्या घरात इतकी वर्षं कुणी काढला नव्हता. छत्रीला पडलं तरी 'फाटली' म्हणत.

थोरल्याने हात पुढे केला.

"आण ड्रिल."

"तू?"

"लाकडाला भोक पाडायचं तर सुतार पाडेल. आण. आणि बारीक टोकाचं बिट दे, ते पाइप घालायचं नको. तुला काय बोगदा खणायचाय?"

"बारीक दिलं तर वायर जाणार कशी?"

"वायर जाडी का आणलीस?"

"जाडी नाहीये ती!"

"तिला सांग कंदील खाली घे म्हणावं. डोळ्यात येतोय."

"खाली घे, ताई."

घरघर झाली. काठाखालून बारीक भुशाची धार खाली आली. थोरल्याने भोकावर फुंकर मारली, करंगळीने कड गोल केली आणि न बघता हात मागे केला. धाकट्याने त्याच्या हातात वायर दिली.

*

रस्ता. एका फुटपाथवरून (कुठल्या हाताच्या, ते आज कुणी विचारू नये) : गाडी लाल, मग हिरवी, मग जांभळी, मग लाल. बाबांना रिमोट परत मिळालाय. हंस कधी पोपट दिसतो, कधी वांगं. पोरं किंचाळतात. बेकरीवाला पीठ माखलेल्या हातांनी टाळ्या वाजवतो. मोठ्या दुकानाच्या प्लास्टिकच्या गाडीतलं गाणं कुणाला ऐकू येत नाही.

दुसऱ्या फुटपाथवरून : बाहेरून दिवाच नाही. काळोखी बाजू, हंस जेमतेम. पण काळोखाच्या काठावर एक म्हातारा बसलाय, उजेडातून कोरून काढल्यासारखा, आणि तो गोळ्या फेकतोय. इथली पोरं किंचाळत नाहीत. एक मुलगी आईचा हात ओढून विचारते, "हा खरा आहे का?" आणि आई म्हणते, "मला वाटतं, हा खरा असावा."

येताना फुटपाथ बदलतील. सगळ्यांना सगळं मिळेल.

*

टपाल मागून ढकलत होती. ही तिची लहानपणापासूनची जागा. पुढे काय चाललंय ते दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं.

"तिला विचार, घर कसं आहे त्याचं."

"तूच विचार. माझ्याशी ती बोलली नाही, मी का विचारू?"

"माझ्याशी तरी कुठे बोलली?"

"तुला काय वाटतं, दाताचा डॉक्टर म्हणजे आयुष्यभर हिला पालेभाज्या खायला घालेल?"

"असू दे. साखर बंद करेल एवढंच."

"ही साखरेशिवाय चहा पिईल? ही?"

"तिने आधी सांगायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं आहे."

"माझंही तेच म्हणणं आहे."

"मग सांग तिला तसं."

"ऐकतेय ती. मागेच आहे."

"ऐकू दे."

चाकं खडखडत होती. बाबांनी गाडी निळी केली. दोघं पुढे एकाच तालात पाय टाकत होते आणि शिंगं एकाच वेळी डुलत होती. आणि आपण तिथे नाहीच अशा थाटात दोघांचं आपल्याबद्दल गाऱ्हाणं चाललं होतं, आणि संपत नव्हतं. टपालला वाटलं, हे कधी संपूच नये. हे उद्याही चालावं, शुक्रवारीही, त्यानंतरही. ती आगगाडीत बसेल, आणि इथे स्वयंपाकघरात कुणीतरी म्हणेल, बघ, गेली की नाही न सांगता. आणि दुसरा म्हणेल, गेली खरी.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिने ते तसंच राहू दिलं.

रस्त्याच्या टोकाला गाडी वळवायला थांबली. थोरल्याने दांडी सोडली. मागे आला. शिंगं एका कानावर उतरलेली, श्वास लागलेला. तिच्यासमोर उभा राहिला, आणि इकडे तिकडे बघितलं, कुणाच्या हाती निरोप द्यावा म्हणून. धाकटा पुढे दांडी धरून होता. वहिनी गोळ्यांची पिशवी भरत होती. मध्ये कुणी नव्हतं.

"शुक्रवारी," तो म्हणाला, थेट तिला, आणि त्याला खोकला आला. "शुक्रवारी किती वाजता?"

"अकरा वाजता, दादा."

थोरल्याने मान हलवली. मग वळून, सगळा रस्ता ऐकेल एवढ्या मोठ्याने, पुढे ओरडला :

"अकराला! तुला दाढी करून यावं लागेल!"

"आधी तुझी शिंगं सरळ कर!" धाकटा ओरडला.